कोंडाबाईचा कंदील

गॅदरिंगच्या यादीत माझ्या नावापुढं
आरवाडे मॅडमनी लिहिलं : कोंडाबाई.
ओवीच्या नावापुढं : हळदुली.
का, ते कुणी विचारलं नाही.
माझी उंची, माझा घोगरा आवाज,
भुवया मधोमध भेटलेल्या,
एवढं पुरतं.

आटपाट हरिपूर होतं.
कृष्णेला वारणा मिळते तिथून हाकेवर
जमिनीच्या पोटात पेवं,
पेवांच्या पोटात हळद.
एका अडत्याला पहिलीची लेक हळदुली
आणि दुसरी बायको कोंडाबाई.
अडत्या गावाला गेला.
तिनं पेवाचं तोंड उघडलं, कंदील विझवला,
अंधारात पोरीला म्हणाली, ये.
पुढं मिरजेकडून घोडा येतो,
घोड्यावर कोण ते तुम्हाला माहीत आहे.
कोंडाबाई पेवात पडते.
अजून आतून साद घालते,
म्हणून आमच्याकडं पोरं सातच्या आत घरात.

गाव म्हणतं, कोंडते ती कोंडाबाई.

माझे संवाद तीन.
‘ये.’ ‘ये गं.’ आणि कंसात : खदाखदा हसते.
आरशासमोर हसून बघितलं.
आई आतून म्हणाली, खोकला झालाय का?

मॅडम म्हणाल्या, मोबाईलचा टॉर्च चालेल.
मला खरा कंदील हवा होता.
मार्केट यार्डात रावजी हमालाकडं गेले,
नखं पिवळी, भुवयांवरसुद्धा हळद.
कशाला गं कंदील?
विझवायला.
‘विझवायचा नसतोय पोरी. त्यो आपसूक विझतोय.
पेव वरीसभर बंद, आत हवा मेलेली.
आधी दोरीनं दिवा सोडायचा.
दिवा ऱ्हायला तर माणूस सोडायचं.
दिवा गेला तर दगड लावायचा
आन् गप घरला जायचं.’
माणूस कुठलं सोडायचे?
‘बारकं. तोंड अरुंद असतंय की.’

सिटी बसमध्ये कंदील मांडीवर.
काच खुळखुळत होती आणि मी मोजत होते :
त्या घरात सगळ्यात बारकं कोण होतं.
हळदीचा दर त्या आठवड्यात किती चढला असेल.
गोष्टीत अडत्या गावाला गेलेला असतो.
गोष्टीत बाप नेहमीच गावाला गेलेला असतो.

मला पुरावा नाही.
पेवं पुराच्या गाळानं कधीच भरली.
पण कोंडा म्हणजे भुसा.
आधीची पोरं जगली नाहीत की असं नाव ठेवतात,
मरणानं पाखडून बाजूला टाकावं म्हणून.
तशी ती उरलेली बाई,
सावत्र लेकीच्या कमरेला दोर बघून म्हणाली असेल, थांबा.
कंदील सोडला असेल.
चार हातांवर तो गेला असेल,
कुणी फुंकर न मारता.
मग ती पेवाच्या तोंडावरच बसली असेल
मांडी घालून, रात्रभर,
नवऱ्यासमोर, हमालांसमोर, दरासमोर.
आणि पोरीला म्हणाली असेल, ये.
ये गं, माझ्यामागं ये.

संवाद तेच आहेत. मी एक शब्द बदललेला नाही.
आणि हसली?
हसली असेल की. पहाटे,
पोर जांभई देत उठली तेव्हा.

टॉर्च विझत नाही.
हवा मेली तरी त्याला कळत नाही.

गॅदरिंगला पुठ्ठ्याचं पेव,
ओवीच्या गालांना खरी हळद, तिला शिंका येतायत.
मी कंदील हळूहळू आत सोडला.
विंगेतून मॅडम : फुंक! अगं फुंक मार!
मी वात खाली केली, नुसती बोटानं,
आणि पेवाच्या तोंडावर बसले.
पुठ्ठा करकरला.
नववी ब मधला राजपुत्र
लाकडी घोडा बगलेत धरून वेळेआधीच आला होता,
तो तिथंच थांबला.
पहिल्या रांगेतलं एक बारकं पोर रडायचं विसरलं.

मी ओवीला म्हणाले, ये.
तिनं किंचाळायचं होतं.
ती आली.